विश्लेषण : विद्यापीठ उघडा, बाजारपेठ मिळवा! हाँगकाँगमधील ब्रिटिशांचा शतकापूर्वीचा प्रयोग काय होता?

ब्रिटनचे पंतप्रधान किएर स्टार्मर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या सव्वाशे जणांच्या शिष्टमंडळात बँका, कंपन्या आणि उद्योगांच्या प्रमुखांबरोबर विद्यापीठांचे कुलगुरूही होते. भारत-ब्रिटन व्यापार करारावर त्याआधी तीनच महिने, २४ जुलै रोजी स्वाक्षऱ्या झाल्या होत्या. मद्य, मोटारी आणि कापड यांच्या जोडीला पदवीही निर्यातीच्या यादीत आहे, हे त्या दौऱ्यात कुणी लपवले नाही. परक्या भूमीवर विद्यापीठ उघडायचे आणि त्याच्या आधाराने व्यापार व प्रभाव वाढवायचा, ही कल्पना मात्र नवी नाही. ब्रिटिशांनी ती ११० वर्षांहून अधिक काळापूर्वी हाँगकाँगमध्ये राबवून पाहिली. लक्ष्य होते शेजारचे चिनी साम्राज्य. आणि त्या विद्यापीठाची पहिली इमारत उभी राहिली ती मुंबईत जन्मलेल्या एका पारशी व्यापाऱ्याच्या पैशातून.

कल्पना कुणाची?

फ्रेडरिक लुगार्ड हे १९०७ मध्ये हाँगकाँगचे गव्हर्नर म्हणून आले. जन्म मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातला, शिक्षण सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयातले आणि कारकीर्द आफ्रिकेतली. युगांडा आणि नायजेरियात ब्रिटिश सत्ता रोवणारा हा माणूस. स्वतः कधी विद्यापीठात न शिकलेल्या या लष्करी प्रशासकाने जानेवारी १९०८ मध्ये तेथील सेंट स्टीफन्स कॉलेजच्या पारितोषिक समारंभात हाँगकाँगला विद्यापीठ हवे, असे जाहीरपणे सांगितले. त्याआधी १९०५ मध्ये ‘चायना मेल’ या स्थानिक इंग्रजी वृत्तपत्राने असा सूर लावला होता. पण गव्हर्नर बोलला की गोष्ट वेगळी होते.

हाँगकाँग तेव्हा व्यापारी बंदर होते. गोदामे, जहाजे, बँका, घोड्यांच्या शर्यती असा तेथील गोऱ्या समाजाचा दिनक्रम. तिथे विद्यापीठ कशाला, असा प्रश्न व्यापाऱ्यांनाही पडला आणि लंडनमधील वसाहत खात्यालाही. लुगार्ड यांच्या पत्नी फ्लोरा शॉ या ‘द टाइम्स’च्या वसाहतविषयक माजी संपादक. लंडनमधील त्यांच्या ओळखी निधी मिळवण्यासाठी कामी आल्या. ब्रिटिश सरकारने मात्र कौतुकाचे शब्द दिले आणि तिजोरी जवळपास बंदच ठेवली. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ इथे आहे.

घाई कशाची होती?

चीनमधील शेकडो वर्षांची सरकारी परीक्षापद्धती १९०५ मध्ये रद्द झाली. अभिजात ग्रंथ पाठ करून अधिकारी होण्याचा मार्ग एका फटक्यात बंद झाला आणि लाखो तरुणांना ‘नवे शिक्षण’ हवे झाले. त्याच वर्षी जपानने रशियाला हरवले होते. साहजिकच हजारो चिनी विद्यार्थी टोकियोकडे वळले. जवळचा देश, स्वस्त खर्च, लिपीतील साम्य आणि आशियाई देशाच्या विजयाची मोहिनी, असे सगळे एकत्र आले होते.

इतर सत्ताही गप्प नव्हत्या. जर्मनांनी १९०७ मध्ये शांघायमध्ये वैद्यकीय शाळा काढली, तेच आजचे तोंगजी विद्यापीठ. १९०९ मध्ये छिंगदाओ या आपल्या ताब्यातील बंदरात त्यांनी चीन सरकारच्या भागीदारीत उच्च शिक्षणाची संस्था उघडली. अमेरिकेची चाल सर्वांत चतुर होती. बॉक्सर बंडानंतर १९०१ मध्ये परकीय सत्तांनी चीनवर प्रचंड दंड लादला होता. त्यातील आपल्या वाट्याची जादा रक्कम परत करण्याचे अमेरिकेने १९०८ मध्ये ठरवले, पण तिच्यातून चिनी विद्यार्थ्यांनी अमेरिकेत शिकायचे, अशी व्यवस्था केली. त्या विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीसाठी १९११ मध्ये बीजिंगमध्ये शाळा निघाली, तिचे नाव छिंगह्वा. इलिनॉय विद्यापीठाचे अध्यक्ष एडमंड जेम्स यांनी १९०६ मध्येच अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढे हिशेब मांडला होता. चीनच्या या पिढीला जो देश शिकवेल, त्याला नैतिक, बौद्धिक आणि व्यापारी अशी तिन्ही अंगांनी परतफेड मिळेल, असा त्याचा आशय होता. चीनचाच पैसा, चीनचेच विद्यार्थी आणि पुण्य अमेरिकेच्या खात्यावर!

या शर्यतीत ब्रिटन मागे पडतो आहे, ही लुगार्ड यांची भीती होती. तीही अशा वेळी, जेव्हा चीनच्या परकीय व्यापारात सर्वांत मोठा हितसंबंध ब्रिटनचाच होता.

लुगार्ड यांचा हिशेब काय होता?

हिशेब साधा होता. चीनमध्ये रेल्वे, खाणी, बंदरे, वीजकेंद्रे उभी राहणार. ती उभारणारे अभियंते ज्या यंत्रांवर शिकतील, त्याच यंत्रांची मागणी पुढे नोंदवतील. इंग्रजी मापे, इंग्रजी मानके, इंग्रजी पुस्तके आणि इंग्रजी कंपन्यांचे सूचिपत्र हाताशी असलेला चिनी अभियंता हा दहा दलालांपेक्षा उपयोगी ठरणार. म्हणून विद्यापीठाची सुरुवात वैद्यक आणि अभियांत्रिकी या दोन विद्याशाखांनी झाली. कला शाखा मागाहून जोडली गेली. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी. ब्रिटिश उत्पादकांकडून अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांसाठी यंत्रे देणगीदाखल मिळवली गेली. आजच्या भाषेत सांगायचे, तर सॉफ्टवेअर कंपन्या महाविद्यालयांना मोफत परवाने देतात, तोच हा प्रकार.

अभियांत्रिकीचे पहिले प्राध्यापक सी. ए. मिडलटन स्मिथ यांनी तर हा विचार पुढे पुस्तकातूनच मांडला. चीनमधील ब्रिटिश आणि अतिपूर्वेकडील व्यापार हा त्यांच्या १९२० मधील ग्रंथाचा विषय होता. अभियांत्रिकीचा प्राध्यापक व्यापारवृद्धीवर ग्रंथ लिहितो, यात तेव्हा कुणाला काही वावगे वाटले नाही.

हिशेबाची दुसरी बाजू राजकीय होती आणि ती थेट भारताशी जोडलेली होती. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठांची स्थापना १८५७ मधली. पन्नास वर्षांत त्यांनी वकील, पत्रकार, शिक्षक आणि ब्रिटिश राज्याचे टीकाकार घडवले. १९०८ हे तर लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्याचे वर्ष. भारतातील विद्यापीठे फसली, ती केवळ पुस्तकी शिक्षण देत राहिली आणि चारित्र्य घडवण्याकडे त्यांचे दुर्लक्ष झाले, असे लुगार्ड यांचे मत होते. हाँगकाँगमध्ये ती चूक होऊ द्यायची नव्हती. म्हणून विद्यार्थ्यांनी वसतिगृहातच राहायचे, शिस्त कडक ठेवायची, भर तंत्रशिक्षणावर द्यायचा. डॉक्टर आणि इंजिनीअर सहसा क्रांती करत नाहीत, हा यामागचा भाबडा विश्वास. तो किती भाबडा होता, हे हाँगकाँगमध्येच लवकर दिसणार होते.

पैसा कुणी दिला?

होरमसजी नवरोजी मोदी यांचा जन्म १८३८ मधला, मुंबईतला. विशीत ते हाँगकाँगला गेले. सुरुवातीच्या काळात अफूचा व्यापार, मग दलाली. कलकत्त्याहून आलेले आर्मेनियन वंशाचे पॉल चॅटर यांच्यासोबत ‘चॅटर अँड मोदी’ ही पेढी त्यांनी चालवली आणि जमीन, शेअर, गोदी अशा उलाढालींत बक्कळ पैसा केला. जमशेटजी जीजीभाई यांच्या पिढीपासून मुंबईच्या पारशी घराण्यांचा चीनशी असलेला संबंध पाहता यात नवल नव्हते. जमशेटजी टाटाही तरुणपणी व्यापारासाठी हाँगकाँगला जाऊन आले होते.

लुगार्ड यांची योजना कागदावरच अडली असताना मोदी पुढे आले. इमारतीसाठी दीड लाख हाँगकाँग डॉलर देण्याची तयारी त्यांनी दाखवली. बांधकामाचा खर्च वाढत गेला, तेव्हा वाढीव बोजाही उचलला. १६ मार्च १९१० रोजी पायाभरणी झाली, त्याच वर्षी मोदी ‘सर’ झाले. इमारत पूर्ण झालेली पाहायला मात्र ते राहिले नाहीत. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. विटा आणि ग्रॅनाइटची ती मुख्य इमारत आजही उभी आहे आणि कौलूनमधील एका गजबजलेल्या रस्त्याला मोदी यांचे नाव आहे. मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह कावसजी जहांगीर यांच्या आणि राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला, हे आठवले की जाणवते, की वसाहतींमधील विद्यापीठांच्या दगडी वैभवाचे बिल राजाने क्वचितच भरले.

दुसरी मोठी देणगी होती बटरफील्ड अँड स्वायर या ब्रिटिश जहाज कंपनीची. ४० हजार पौंड. तिच्यामागे एक अप्रिय प्रकरण होते. १९०८ च्या अखेरीस कंपनीच्या ‘फात्शान’ या हाँगकाँग-कँटन मार्गावरील बोटीवर एका चिनी प्रवाशाचा मृत्यू झाला. तिकीट तपासनिसाने लाथ मारल्याने तो गेला, असा आरोप झाला आणि कँटनमध्ये कंपनीच्या जहाजांवर बहिष्कार सुरू झाला. धंद्याला झळ बसू लागली. पुढच्याच वर्षी कंपनीने विद्यापीठासाठी थैली सैल केली. चिनी जनमत शांत करण्याचा हेतू या देणगीमागे होता, हे तेव्हाही उघड गुपित होते. अभियांत्रिकीच्या अध्यासनाला कंपनीचे ‘ताइकू’ हे चिनी नाव मिळाले. बहिष्कार, देणगी, अध्यासन या क्रमाला आज जनसंपर्क आणि सीएसआर अशी नावे आहेत.

तिसरा देणगीदार अधिकच अनपेक्षित. कँटनचे चिनी व्हाइसरॉय चांग रनजुन यांनी दोन लाख डॉलर दिले. चिनी अधिकाऱ्यालाही आपल्या मुलांना परदेशी न धाडता घराजवळ पाश्चात्त्य विद्या हवी होती. हाँगकाँगमधील चिनी व्यापारी, सायगावपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेले अनिवासी चिनी यांच्याकडून वर्गणी गोळा झाली. त्या कामात हो काई या चिनी डॉक्टर-बॅरिस्टरचा पुढाकार होता. म्हणजे ब्रिटिश प्रभावाचे हे साधन उभे राहिले ते पारशी, चिनी आणि एका अडचणीत आलेल्या कंपनीच्या पैशातून. ज्यांनी पैसे दिले, त्या प्रत्येकाच्या मनातले विद्यापीठ वेगळे होते.

११ मार्च १९१२ रोजी लुगार्ड यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि काही दिवसांत त्यांनी हाँगकाँग सोडले. त्याच्या सुमारे एक महिना आधी, १२ फेब्रुवारीला, चीनचा बालसम्राट पदच्युत झाला होता. ज्या राजवटीच्या व्हाइसरॉयने देणगी दिली, ती राजवट विद्यापीठाची घंटा वाजण्याआधीच संपली.

व्यापार वाढला का?

हिशेबाप्रमाणे तरी नाही. पहिली अडचण पैशाची. जमवलेला निधी इमारतीला आणि सुरुवातीला पुरला, पण विद्यापीठ दर वर्षी पैसे खाते. १९१५ मध्ये मलायातील कथील खाणींचे धनाढ्य मालक लोक यू यांच्या बिनव्याजी कर्जाने श्वास घेता आला. पहिल्या महायुद्धाने ब्रिटिश प्राध्यापक आणि देणगीदार दोघांनाही ओढून नेले. १९२० च्या सुमारास विद्यापीठ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते आणि वसाहतीच्या सरकारला मोठी मदत देऊन ते वाचवावे लागले. वैद्यकशाखेतील प्रमुख अध्यासनांसाठी तर अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनचा पैसा घ्यावा लागला. ब्रिटिश प्रभावासाठी काढलेल्या विद्यापीठातील प्राध्यापकांचे पगार अमेरिकी तेलाच्या पैशातून!

दुसरी अडचण पदवीधरांची. अभियांत्रिकी शिकलेल्या तरुणाला चीनच्या रेल्वेत किंवा कारखान्यात शिरकाव मिळणे सोपे नव्हते. तिथे अमेरिकेहून परतलेल्यांची साखळी तयार झाली होती. छिंगह्वाच्या वाटेने गेलेला विद्यार्थी चिनी सरकारच्या व्यवस्थेतून गेलेला असे, त्याला परतल्यावर ओळखणारे लोक असत. हाँगकाँगचा पदवीधर परक्या वसाहतीतून इंग्रजीत शिकून आलेला. अनेकदा चिनी लेखनात कच्चा आणि उत्तरेतील सरकारी भाषेत आणखी कच्चा. जी इंग्रजी व्यापाराची किल्ली म्हणून दिली, तीच चीनच्या आतल्या दारांना लागेना. परिणामी विद्यार्थीही मुख्यत्वे हाँगकाँग, कँटनचा परिसर आणि मलाया-सिंगापूर येथून येत राहिले. मलायातील दवाखान्यांना इथून डॉक्टर मिळाले. ते मोलाचे काम होते, पण लुगार्ड यांच्या नकाशावर मलाया आधीच ब्रिटिशांचे होते. तिथे प्रभाव पाडायचा प्रश्नच नव्हता.

अपवाद होतेच. १९१६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या पहिल्या तुकडीतील फू पिंगच्यांग पुढे चीनचे मुत्सद्दी झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मॉस्कोत चीनचे राजदूत होते. पण राजनैतिक वाटाघाटी करणारा अभियंता ब्रिटिश इंजिने विकत घेत नाही.

मग दंडाच्या पैशाचे काय झाले?

अमेरिकेने बॉक्सर दंडातून किती कमावले, हे कळायला लंडनला बराच वेळ लागला. १९२२ च्या अखेरीस ब्रिटनने आपला उरलेला वाटा दोन्ही देशांच्या हितासाठी वापरण्याची घोषणा केली. १९२६ मध्ये पैसा कसा खर्चावा हे ठरवण्यासाठी एक शिष्टमंडळ चीनमध्ये फिरले. त्याचे प्रमुख होते लॉर्ड विलिंग्डन, मुंबईचे माजी गव्हर्नर आणि पुढे भारताचे व्हाइसरॉय. मुंबईकरांना ते क्लबच्या नावामुळे ठाऊक आहेत.

शेवटी १९३० च्या सुमारास जी तडजोड झाली, ती व्यापार आणि शिक्षणाच्या नात्याचा उत्तम नमुना आहे. हाँगकाँग विद्यापीठाला २ लाख ६५ हजार पौंड मिळाले. मोठा हिस्सा चीनच्या रेल्वेसाठी कर्जाऊ गेला. त्यातून लागणारे साहित्य लंडनमधील खरेदी मंडळामार्फत ब्रिटनमधूनच घ्यायचे आणि कर्जाच्या व्याजातून शिष्यवृत्त्या व शिक्षणसंस्थांना मदत द्यायची, अशी रचना होती. लुगार्ड यांना विद्यापीठाच्या आडवळणाने ज्या ऑर्डरी हव्या होत्या, त्या ब्रिटिश कारखान्यांना सरकारांमधील करारातून सरळ मिळाल्या. इंजिने विकण्यासाठी वर्गखोल्या बांधण्याची गरज नव्हती.

प्रभाव तरी पडला का?

पडला, पण ठरवलेल्या दिशेने नव्हे. विद्यापीठात विलीन झालेल्या हाँगकाँगच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाचा १८९२ चा एक पदवीधर होता सन यत-सेन. डॉक्टर क्रांती करत नाहीत, हा सिद्धान्त त्याने विद्यापीठ निघण्याआधीच खोटा पाडला. १८९६ मध्ये ब्रिटिशांनी त्याला वसाहतीत यायला बंदी घातली होती. १९२३ च्या फेब्रुवारीत तोच सन यत-सेन चिनी प्रजासत्ताकाचा शिल्पकार म्हणून विद्यापीठाच्या सभागृहात बोलायला आला. आपले क्रांतिकारी विचार हाँगकाँगमध्येच रुजले, असे त्याने सांगितले. हाँगकाँगच्या नीटनेटक्या रस्त्यांकडे आणि कारभाराकडे पाहून आपल्या गावाची अवस्था त्याला खुपू लागली होती. ब्रिटिश प्रशासनाला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळाले नसते आणि याहून मोठी डोकेदुखीही.

ती डोकेदुखी १९२५ मध्ये उसळली. शांघाय आणि कँटनमध्ये परकीय सत्तांच्या गोळीबारात चिनी निदर्शक मारले गेले. त्यानंतर हाँगकाँगमधील कामगारांनी काम थांबवून कँटनची वाट धरली. संप आणि बहिष्कार १९२६ च्या ऑक्टोबरपर्यंत चालला. बंदराचा व्यापार कोसळला. फात्शानच्या वेळी ४० हजार पौंडांनी जी नाराजी शमवता आली, ती आता राष्ट्रवादाच्या रूपात समोर होती आणि तिला देणगीची भाषा कळत नव्हती.

नवे गव्हर्नर सेसिल क्लेमंटी हे चिनी भाषेचे जाणकार. त्यांच्या काळात, १९२७ मध्ये, विद्यापीठात चिनी अध्ययनाचा स्वतंत्र विभाग निघाला. पण तिथे शिकवायला आले ते जुन्या राजवटीतील पंडित आणि शिकवायचे होते प्राचीन ग्रंथ. चीनमधील तरुण बोलीभाषेत लिहीत होते, जुन्या रूढी झुगारत होते. अशा वेळी वसाहतीचे सरकार कन्फ्यूशियसच्या आधाराने त्यांना थोपवू पाहत होते. आधुनिकता विकायला आलेल्यांनी परंपरेचा आश्रय घेतला. आपल्याकडेही इंग्रजांनी संस्थानिकांना जवळ करून असाच खेळ केला होता. १९३५ मध्ये चिनी विचारवंत हू शी मानद पदवी स्वीकारण्यासाठी आले, तेव्हा त्यांनी या विभागाच्या जुनाटपणावर बोट ठेवले. त्यानंतर प्रमुखपदी शू तीशान आले. संस्कृत आणि भारतीय वाङ्मयाचा अभ्यास केलेले, भारतात राहून गेलेले लेखक. त्यांनी विभागाला नवे वळण दिले.

१९४१ च्या नाताळाच्या दिवशी हाँगकाँग जपानच्या हाती पडले आणि विद्यापीठ बंद झाले. युद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले, तोवर १९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी सत्ता आली. चीनवर प्रभाव पाडण्याचे मूळ प्रयोजनच संपले. पुढची चार-पाच दशके विद्यापीठाने हाँगकाँगसाठीच डॉक्टर, वकील, शिक्षक आणि सनदी अधिकारी घडवले. कुणी फारशी अपेक्षा न ठेवलेल्या या काळात संस्थेने आपले सर्वांत भरीव काम केले.

आज ते कुणाच्या उपयोगी पडते?

१९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे गेले. इंग्रजी माध्यम, जागतिक क्रमवारीतील वरचे स्थान आणि ब्रिटिश धर्तीची रचना यांसह विद्यापीठही गेले. आता तेच साधन दुसऱ्या हातात आहे. बेल्ट अँड रोड उपक्रमातील देशांच्या विद्यार्थ्यांसाठी हाँगकाँग सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत. सरकारी अनुदानित विद्यापीठांतील बाहेरच्या विद्यार्थ्यांची मर्यादा आधी २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेली आणि २०२५ च्या धोरण-भाषणात ती ५० टक्के करण्याची घोषणा झाली. ‘स्टडी इन हाँगकाँग’ हा ब्रँड आशियात फिरवला जातो. मे २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने हार्वर्डमधील परदेशी विद्यार्थ्यांवर टाच आणली, तेव्हा त्यांना जाहीर आमंत्रण देणाऱ्यांत हाँगकाँगमधील विद्यापीठ पुढे होते.

मात्र मालक बदलला की विद्यापीठावर अपेक्षाही बदलतात. तियानानमेनमधील बळींची आठवण सांगणारे ‘पिलर ऑफ शेम’ हे शिल्प डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठाने आवारातून रातोरात हलवले. लुगार्ड यांना राजकारणापासून दूर, शिस्तीत वागणारे विद्यार्थी हवे होते. आजच्या सत्ताधाऱ्यांची इच्छा त्याहून फारशी निराळी नाही.

नवी मुंबईशी याचा संबंध काय?

जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना मुंबई-नवी मुंबई परिसरात शाखा उघडण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. ॲबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन संस्था. त्यांच्यासाठी नवी मुंबई विमानतळाजवळ ‘एज्युसिटी’ची योजना आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठाचे संकुल गुरुग्राममध्ये सुरू झाले आहे. डीकिन आणि वोलोंगाँग ही ऑस्ट्रेलियन विद्यापीठे गुजरातच्या गिफ्ट सिटीत आहेत.

इथे भारत वसाहत नाही, दार आपण होऊन उघडले आहे आणि नियम विद्यापीठ अनुदान आयोगाचे आहेत. पण हिशेब ओळखीचा आहे. ब्रिटनने २०१९ मध्येच शिक्षणाच्या निर्यातीतून २०३० पर्यंत वर्षाला ३५ अब्ज पौंड मिळवण्याचे लक्ष्य ठरवले. तेथील विद्यापीठे आर्थिक ओढाताणीत आहेत, व्हिसाचे नियम कडक होत आहेत. विद्यार्थी तिकडे येणे अवघड होत असेल, तर विद्यापीठाने इकडे यावे, हे सरळ धंद्याचे गणित. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार या शाखांना शुल्क ठरवण्याची, प्रवेशाचे निकष ठरवण्याची आणि मिळकत मायदेशी नेण्याची मुभा आहे. लुगार्ड यांना देणग्यांसाठी दारोदार फिरावे लागले. आजच्या शाखांचा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघणार आहे. १९०८ मध्ये दाता मोदी होते, इथे दाता कर्ज काढून मुलाला शिकवणारा पालक आहे.

भारतही या खेळात फक्त यजमान नाही. आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये झांझिबारमध्ये, आयआयटी दिल्लीने अबू धाबीत संकुल सुरू केले. पुण्याच्या सिम्बायोसिसचे दुबईत संकुल आहे. युगांडात राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाची शाखा आहे. पूर्व आफ्रिकेत चीनशी स्पर्धा असताना झांझिबारची निवड केवळ शैक्षणिक कारणांनी झाली, असे कुणी म्हणणार नाही.

या सर्व ठिकाणी तपासून पाहण्याच्या गोष्टी हाँगकाँगच्या पहिल्या वीस वर्षांतल्याच आहेत. उद्घाटनानंतर दर वर्षीचा खर्च कोण देणार? तिथली पदवी घेतलेल्याला ज्या देशात ती घेतली, त्याच देशात नोकरी मिळणार का? स्थानिक भाषेचे आणि समाजाचे काही शिकवले जाणार, की केवळ डेटा सायन्स आणि बिझनेस मॅनेजमेंट? आणि दोन देशांचे संबंध बिघडले, तर मधल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांचे काय? छिंगदाओमधील जर्मन संस्थेचे तसेच झाले. १९१४ मध्ये जपानने ते बंदर जिंकले आणि पाच वर्षांची ती संस्था बंद पडली. तिथल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी उरलेले शिक्षण शांघायच्या जर्मन शाळेत जाऊन पुरे केले.